पश्चाग्र गतीकडून घूर्णी गतीकडे : पाणी उपसणाऱ्या पवनचक्कीवर शेतीची यंत्रे चालविण्याचा प्रश्न

प्रस्तावना

‘पवनचक्की’ हा शब्द आज मराठीत दोन भिन्न यंत्रांसाठी वापरला जातो. सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे व चाळकेवाडी येथील पठारांवर, धुळे जिल्ह्यातील ब्राह्मणवेल येथे किंवा अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील कवड्या डोंगरावर उभी असलेली तीन पात्यांची उंच यंत्रे वीज निर्माण करतात. दुसरे यंत्र आकाराने लहान व वयाने बरेच जुने आहे. विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या तोंडावर दहा-बारा मीटर उंचीचा लोखंडी मनोरा, त्यावर पत्र्याच्या बारा ते चोवीस पात्यांचे चाक, मागे वाऱ्याची दिशा धरणारी शेपटी आणि मनोऱ्याच्या मध्यातून खाली उतरणारा, सतत वर-खाली होणारा एक दांडा, असे त्याचे स्वरूप असते. प्रस्तुत लेखाचा विषय हे दुसरे यंत्र होय.

या यंत्राचा दांडा वर-खाली होतो. यंत्रशास्त्राच्या मराठी परिभाषेत या हालचालीस पश्चाग्र गती म्हणतात. शेतकऱ्याला लागणारी बहुतेक यंत्रे मात्र गोल फिरतात. कडब्याची कुट्टी करणारे यंत्र, पिठाची चक्की, मक्याचे दाणे सोडविणारे यंत्र, धार लावण्याचा दगड ही सर्व घूर्णी गतीची यंत्रे आहेत. तेव्हा पाणी उपसणाऱ्या पवनचक्कीच्या दांड्यापासून फिरती शक्ती मिळविता येईल काय, मिळाल्यास किती व कोणत्या कामाची, असा प्रश्न उभा राहतो. प्रश्न जुना असला तरी महाराष्ट्राच्या हवामानामुळे त्याला येथे एक वेगळे महत्त्व आहे. प्रथम त्याचाच विचार करू.

वारा आणि पाणी यांचे वेळापत्रक

भारतात पवनशक्तीच्या संशोधनाला १९५० च्या दशकात वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने चालना दिली. १९६० मध्ये बंगळूर येथील राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत पवनशक्तीचा स्वतंत्र विभाग सुरू झाला आणि तेथे पाणी उपसणाऱ्या पवनचक्क्यांवर काम झाले. पुढे १९८० च्या दशकात केंद्र शासनाच्या प्रात्यक्षिक कार्यक्रमातून ‘१२ पीयू ५००’ या नावाचा, पाच मीटर व्यासाच्या चाकाचा नमुना देशाच्या अनेक भागांत उभारण्यात आला. यांतील पुष्कळ यंत्रे देखभालीअभावी बंद पडली. वंगण न मिळणे, दट्ट्याचे चामडी वायसर झिजणे, मनोऱ्यावर चढून दुरुस्ती करणारा माणूस गावात नसणे ही कारणे सर्वपरिचित आहेत. त्यांच्याइतकेच महत्त्वाचे असलेले एक कारण मात्र क्वचितच मांडले जाते.

महाराष्ट्रात वाऱ्याचा खरा जोर मे अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत, म्हणजे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात असतो. विहिरीवरून पाणी देण्याची गरज लागते ती रब्बीला व उन्हाळी पिकांना, म्हणजे साधारणतः नोव्हेंबर ते मे या काळात. थंडीच्या महिन्यांत वारा सर्वात मंद असतो. म्हणजे पवनचक्कीच्या अंगात बळ असते तेव्हा आकाशातून पाणी पडत असते, आणि पिकाला पाणी हवे असते तेव्हा चाक आळसावलेले असते. माण-खटावसारख्या पर्जन्यछायेतील तालुक्यांत जून-जुलैमध्ये पाऊस नसतो आणि वारा मात्र भरपूर वाहतो. परंतु त्याच वेळी विहिरींनी तळ गाठलेला असतो! सारांश, वर्षातील सर्वात चांगल्या वाऱ्याचे तीन-चार महिने हे यंत्र जवळजवळ रिकामे फिरते.

या रिकाम्या महिन्यांत त्याला दुसरे काही काम देता आले, तर गोठ्यात चार जनावरे असलेल्या लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने यंत्राचे गणित बदलू शकते. पावसाळ्यात हत्तीघास, हिरवी मका यांची कुट्टी रोज करावी लागते, आणि ती बहुधा घरातील स्त्रिया व मुले हाताने चाक फिरवून करतात.

फिरती गती मुळात जाते कोठे?

येथे वाचकाच्या मनात एक स्वाभाविक शंका येईल. पवनचक्कीचे चाक स्वतः गोलच फिरते. मग आधी ते फिरणे मोडून दांडा वर-खाली करायचा आणि खाली आल्यावर पुन्हा त्याचे फिरणे करायचे, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

शंका रास्त आहे. युरोपातील जुन्या पवनचक्क्या चाकाची फिरती शक्ती थेट जात्याला देत असत. तेथे १५९४ च्या सुमारास कॉर्नेलिस कॉर्नेलिसझोन या डच कारागिराने भुजेचा उपयोग करून पवनचक्कीवर लाकूड कापण्याची करवत चालविली, म्हणजे फिरत्या गतीची वर-खाली गती केली. अमेरिकेत डॅनियल हॅलडे याने १८५४ मध्ये वाऱ्याकडे आपोआप तोंड वळविणारी पवनचक्की तयार केली. पुढे टॉमस पेरी याने १८८२-८३ मध्ये हजारो चाचण्या घेऊन वक्र पोलादी पात्यांचे चाक सिद्ध केले, आणि १८८८ पासून शिकागोच्या एअरमोटर कंपनीने ते बाजारात आणले. याच कंपनीने दोन प्रकारची यंत्रे विकली. एकात पाणी उपसण्यासाठी वर-खाली होणारा दांडा होता. दुसऱ्यात मनोऱ्यातून खाली येणारा फिरता उभा दंड होता व त्यावर धान्य भरडणे, चारा कापणे, लाकूड कापणे ही कामे होत.

दुसरा प्रकार मागे पडला. फिरत्या दंडाला खाली विरोध झाला की त्याची प्रतिक्रिया वरच्या डोक्यावर येते आणि डोके वाऱ्याच्या दिशेतून बाजूला वळू पाहते. शिवाय दहा-बारा मीटर लांबीचा दंड, त्याचे धारवे, वरची व खालची दंतचक्रे यांचा खर्च वेगळाच. दांडा स्वस्त असतो. तो नुसता ओढायचा असल्याने बारीक लोखंडाचा किंवा लाकडाचा चालतो, आणि डोके कोणत्याही दिशेला वळले तरी त्याला त्याचे काही वाटत नाही. पंपाला वर-खाली गतीच हवी असते. तेव्हा ज्याला केवळ पाणी हवे त्याच्यासाठी दांड्याचे यंत्र हेच शहाणपणाचे. आपल्याकडे बसविली गेली ती बहुशः याच जातीची. म्हणून वरून फिरता दंड घ्यावा हा सल्ला तत्त्वतः बरोबर असला तरी उभ्या असलेल्या यंत्राच्या मालकाला तो निरुपयोगी आहे. त्याच्या हाती दांड्याचे खालचे टोक तेवढे आहे.

वाफेच्या एंजिनाची सत्तर वर्षे

हाच पेच यंत्रविद्येच्या इतिहासात एकदा फार मोठ्या प्रमाणावर पडला होता. टॉमस न्यूकमेन याचे वाफेचे एंजिन १७१२ मध्ये इंग्लंडमधील खाणीचे पाणी उपसू लागले. ते केवळ पंप होते. दट्ट्या तुळईचे एक टोक साखळीने खाली ओढी आणि दुसऱ्या टोकाला लटकलेला पंपाचा दांडा वर येई. परतीचा प्रवास वजनाने होई. साखळी ओढू शकते, ढकलू शकत नाही. त्यामुळे एंजिनाची शक्ती एकाच दिशेने मिळे. पवनचक्कीच्या दांड्याची स्थिती नेमकी हीच आहे.

अशा एंजिनावर गिरणी चालवायची असेल तर त्या काळी एक विलक्षण उपाय करीत. एंजिनाने पाणी उंच चढवायचे आणि ते पाणचक्कीवर सोडायचे! आज पवनचक्कीबाबत असा सल्ला देणारे भेटतात, म्हणून त्याचा हिशेब येथेच करून टाकू. दहा मीटर उंचीवरील एक हजार लिटर पाण्यात सुमारे ९८ हजार जूल ऊर्जा असते. लहान पाणचक्कीत त्यातील निम्मी हाती लागली असे धरले, तर १०० वॅटचे काम जेमतेम आठ मिनिटे चालेल. टाकी आणि तिचा मनोरा यांचा खर्च पाहता हा मार्ग सोडून दिलेला बरा.

१७८० मध्ये जेम्स पिकर्ड याने बर्मिंगहॅम येथे एंजिनाला भुजा व जड चाक जोडून त्याचे एकस्व घेतले. ते टाळण्यासाठी जेम्स वॉट याने १७८१ मध्ये सूर्य-ग्रह दंतचक्रांची योजना केली. १७८२ मध्ये दोन्ही बाजूंनी जोर देणारे एंजिन आणि १७८४ मध्ये साखळीऐवजी ढकलूही शकणारी दांड्यांची समांतर जुळणी त्याने आणली. पंपाच्या एंजिनाचे गिरणीचे एंजिन होण्यास अशी सुमारे सत्तर वर्षे लागली. मुंबईत कावसजी दावर यांची कापड गिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली तेव्हा हा प्रश्न सुटून गेलेला होता, आणि गिरणगावाच्या चात्या ज्या दंडावर फिरल्या त्यामागे ही सारी खटपट होती. पवनचक्कीसाठी यातून घ्यायची गोष्ट एवढीच की केवळ भुजा सापडल्याने काम भागले नाही. एकाच दिशेने मिळणाऱ्या ओढीचे काय करायचे, हा मूळ प्रश्न होता.

भुजा आणि तिच्या अडचणी

भुजेचे सर्वात ओळखीचे उदाहरण आमच्या गोवंडी परिसरात गल्लोगल्ली सापडते. शिवाजीनगर, बैगनवाडी येथील शिलाईच्या व जरीच्या कारखान्यांतून आता विजेची यंत्रे आली असली, तरी पायाने चालवायचे शिलाई यंत्र अजून दिसते. पायाखालची पट्टी पुढे-मागे झुलते, एक दांडा ती गती चाकाला जोडलेल्या भुजेला देतो आणि चाक फिरते. शिलाई सुरू करताना कारागीर वरचे लहान चाक हाताने किंचित पुढे ढकलतो. ती सवय नव्हे, गरज आहे. दांडा आणि भुजा एका रेषेत आल्या की त्या क्षणी दांड्याने कितीही जोर लावला तरी चाक फिरत नाही. या स्थितीस मृतबिंदू म्हणतात. प्रत्येक फेऱ्यात असे दोन बिंदू येतात. तेथून चाक उलटेही फिरू शकते, आणि तसे झाले की धागा तुटतो. चाकाला वेग आला म्हणजे त्याचे स्वतःचे वजनच त्याला मृतबिंदूपलीकडे नेते.

हीच रचना पवनचक्कीच्या दांड्याला लावावी, असे कोणालाही वाटेल. तीत तीन अडचणी आहेत.

पहिली ओढ-ढकलीची. दांडा बारीक व लांब असतो. खालून विरोध होत असताना तो वरून ढकलला तर वाकतो. दांड्याची लांबी दुप्पट झाली की ढकल सोसण्याची त्याची शक्ती चौथाईवर येते, हा स्तंभांचा जुना नियम आहे. म्हणून खाली येतानाच्या धावेत काम मिळत नाही.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे आणि बहुतेक हौशी प्रयोग तेथेच फसतात. शिलाई करणाऱ्याचा पाय लवचीक असतो, चाक जेवढे नेईल तेवढा तो जातो. पवनचक्कीचा दांडा मात्र वरच्या भुजेने ठरविलेले अंतर तोडणारच, समजा २० सेंटिमीटर. खालच्या भुजेची त्रिज्या त्याच्या बरोबर निम्मी, १० सेंटिमीटर हवी. ती जास्त असेल तर चाक पूर्ण फेरा न घेता पाळण्यासारखे झुलत राहील. कमी असेल तर दांडा, भुजा किंवा वरचे दंतचक्र यांपैकी काहीतरी मोडेल. सांधे झिजून थोडी ढिलाई आली तरी प्रत्येक टोकाला हातोड्यासारखा धक्का बसतो. भर म्हणजे वरची व खालची भुजा एकाच क्षणी मृतबिंदूवर येतात.

तिसरी अडचण अशी की भुजेने खालचे चाक व वरचे चाक एकमेकांना कायमचे बांधले जातात. वारा क्षणभर पडला की खालच्या जड चाकात साठलेली शक्ती यंत्राला मिळण्याऐवजी वरची पाती हवेत घुसळण्यात खर्ची पडते.

खटका, साखळी आणि वजन

यावर उपाय सायकलच्या मागच्या चाकात आहे. पायडल थांबविले तरी सायकल पुढे जाते, कारण फ्रीव्हीलमधील लहान खटके एका दिशेने दात पकडतात व दुसऱ्या दिशेने त्यांवरून टक्‌टक्‌ करीत घसरतात. दांड्याच्या खालच्या टोकाला साखळी बांधून ती फ्रीव्हीलवरून न्यावी आणि तिचे दुसरे टोक हलक्या स्प्रिंगने ताणून ठेवावे. दांडा वर जाताना चक्र फिरेल, खाली येताना साखळी नुसती परत येईल. ढकलण्याचा प्रश्न मिटला. धाव किती लांब आहे याला महत्त्व उरले नाही. वारा पडला तरी पुढचे चाक मोकळे फिरत राहील. अठरा दातांच्या फ्रीव्हीलचा परीघ सुमारे २३ सेंटिमीटर असतो. दांडा २० सेंटिमीटर धाव मिनिटाला तीस वेळा घेत असेल, तर चक्राचे मिनिटाला सुमारे २६ फेरे होतील.

परंतु जोर तुकड्यातुकड्यांनी मिळतो, एक सेकंद ओढ व एक सेकंद शांतता. ही पोकळी भरून काढण्याचे काम जड चाक करते. त्यास प्रचक्र म्हणतात. समजा दांड्यापासून सरासरी १०० वॅट मिळतात. मधल्या एका सेकंदात १०० जूल प्रचक्राने द्यायचे आहेत आणि वेगात दहा टक्क्यांहून अधिक कमी-जास्त चालणार नाही. चाक मिनिटाला ३० फेऱ्यांनी फिरत असेल तर एक मीटर व्यासाच्या चाकाच्या कडेला सुमारे २०० किलो वजन लागेल. तेच चाक मिनिटाला ३०० फेऱ्यांनी फिरविले तर दोन किलो पुरे. वेग दहापट झाला की साठवण शंभरपट होते. म्हणून प्रचक्र मंद बाजूला नव्हे, नेहमी वेगवान बाजूला बसवावे.

आता खटक्याची एक उणीव सांगितली पाहिजे. दांड्याचा वेग सर्वत्र सारखा नसतो. तो टोकांना शून्य व मध्यावर सर्वाधिक असतो. प्रचक्रामुळे पुढचा दंड जवळजवळ एका वेगाने फिरत राहतो, त्यामुळे दांडा त्याच्या वेगाला गाठतो तेवढ्याच मधल्या भागात खटका पकडतो. उरलेली धाव फुकट जाते आणि सारा जोर थोड्या अंतरात एकवटल्याने खटके लवकर झिजतात.

या अडचणीचा उत्तम तोडगा मला शेतीच्या नव्हे, घड्याळाच्या विद्येत दिसतो. सतराव्या शतकात क्रिस्तियान हायगेन्स याने लोलकाच्या घड्याळासाठी अखंड साखळीची योजना केली होती. किल्ली देताना, म्हणजे वजन वर चढविताना, घड्याळ थांबू नये हा तिचा उद्देश. साखळीचे अखंड वेटोळे दोन दंतचक्रांवरून नेतात. दोहोंमध्ये लोंबणाऱ्या एका पदरात कप्पीला टांगलेले जड वजन असते, दुसऱ्या पदरात साखळी ताणण्यापुरते हलके. एक चक्र किल्लीचे, दुसरे घड्याळाचे. किल्लीच्या चक्राने साखळी ओढली की वजन वर चढते, आणि त्याच वेळी ते वजन घड्याळाच्या चक्राला सारख्याच जोराने ओढत राहते.

पवनचक्कीत किल्लीच्या जागी दांडा आणावयाचा. त्याच्या वर जाणाऱ्या प्रत्येक धावेत फ्रीव्हील किल्लीचे चक्र २० सेंटिमीटर पुढे नेईल. ते मागे येऊ नये म्हणून चौकटीला दुसरा खटका हवा. साखळीत १००० न्यूटन ताण हवा असेल तर कप्पीला सुमारे २०० किलोचे वजन लागेल, कारण ते दोन पदरांत वाटले जाते. काँक्रीटचा ठोकळा चालेल. दांडा वर जाताना हे वजन पाच सेंटिमीटर चढेल व पुढच्या सेकंदात तेवढेच उतरेल. यंत्राला मात्र अखंड व सारखा जोर मिळेल. वारा पडला तर वजन हळूहळू जमिनीला टेकेल व यंत्र धक्का न बसता थांबेल. पवनचक्कीला तर काही बदलले आहे हे कळणारही नाही, कारण पंपाचे ओझेही असेच, संपूर्ण धावेत सारखे असते. वजन वरच्या टोकाला पोहोचले की फ्रीव्हीलची साखळी सुटावी, अशी सोय मात्र हवी. पावसाळ्यातील जोराच्या वाऱ्यात ती नसली तर दांडा तुटेल.

लागणारे साहित्य दुर्मीळ नाही. फ्रीव्हील, मोटारसायकलची साखळी, धारवे हे सर्व गोवंडी-मानखुर्दच्या भंगाराच्या दुकानांतून किलोच्या भावाने मिळते, आणि तालुक्याच्या गावीही मिळते.

किती काम होईल?

येथे उत्साहाला थोडा आवर घालणे आवश्यक आहे. वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. पाच मीटर व्यासाच्या चाकावरून सेकंदाला ३ मीटर वेगाचा वारा गेला तर त्यात सुमारे ३२० वॅट असतात. ४ मीटरला ७५०, ५ मीटरला १,४७० व ६ मीटरला २,५४० वॅट. कोणतेही चाक यातील ५९.३ टक्क्यांहून अधिक घेऊ शकत नाही. अनेक पात्यांचे चाक व वरची यंत्रणा मिळून दांड्यापर्यंत २० टक्के पोहोचतात असे धरू. म्हणजे अनुक्रमे सुमारे ६४, १५०, २९५ व ५१० वॅट. साखळ्या, खटके व पट्टे यांत आणखी पाव हिस्सा जाईल.

एक धडधाकट माणूस हाताने चाक फिरवून बराच वेळ सुमारे ७५ वॅट देऊ शकतो. म्हणजे ५ मीटरच्या वाऱ्यात ही पवनचक्की तीन माणसांचे काम करील, ३ मीटरच्या वाऱ्यात एकाचेही नाही. घरगुती पिठाच्या चक्कीला साधारण एक अश्वशक्ती, म्हणजे ७४६ वॅट लागतात, विजेवरील कुट्टी यंत्राला त्याहूनही अधिक, आणि मळणी यंत्राचा तर विचारच नको. तेव्हा मोटारीसाठी बनविलेले यंत्र या दांड्यावर चालविण्याचा मोह टाळावा. हातासाठी बनविलेले यंत्र शोधावे.

असे यंत्र महाराष्ट्राला नवे नाही. मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली तंत्रशिक्षण संस्थेत अध्यापन करून बेळगावी सायकलींच्या दुकानात परतलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आरंभी जी शेतीची अवजारे केली, त्यांत कडबा कापण्याचे यंत्र होते. १९०३ चा लोखंडी नांगर व १९१० ची किर्लोस्करवाडी त्यानंतरची. हाताच्या कुट्टी यंत्राचे पाते जड चाकावरच बसविलेले असते, म्हणजे प्रचक्र त्यात आधीच आहे, आणि ते मिनिटाला चाळीस-पन्नास फेऱ्यांत चालते. आपल्या चक्राचे २६ फेरे त्याला दुप्पट करून दिले की झाले. दहापट वेगवाढीचा खटाटोप येथे लागत नाही.

नवी पवनचक्की केवळ एवढ्यासाठी उभारावी काय? माझ्या मते नाही. सौर पंपांच्या व विजेच्या आजच्या काळात तो खर्च वसूल होणार नाही. विचार आहे तो उभ्या असलेल्या, पावसाळ्यात रिकाम्या राहणाऱ्या यंत्राचा.

हात आणि पाते

कुट्टी यंत्रात चारा सारताना बोटे जाण्याचे अपघात ग्रामीण भागाला दुर्दैवाने परिचित आहेत. मळणी यंत्रांवरील अपघातांमुळे केंद्राला धोकादायक यंत्रे (नियमन) अधिनियम, १९८३ करावा लागला. हाताने फिरविलेले चाक फिरविणारा माणूस ओरड ऐकताच थांबवितो. मोटारीला बटण असते. वाऱ्याला बटण नसते. शेपटी मिटवून चाक वाऱ्याच्या तोंडातून काढण्याची तार ओढली तरी थांबायला वेळ लागतो, आणि आपल्या रचनेतील टांगलेले वजन त्यानंतरही यंत्र ओढतच राहील.

म्हणून वजनाचे चक्र व कुट्टी यंत्र यांच्यामध्ये जुन्या कारखान्यांत असे तशी घट्ट व सैल पुलींची जोडी अनिवार्य मानली पाहिजे. पायाने एक पट्टी दाबली की पट्टा सैल पुलीवर सरकतो व यंत्राचा संबंध तुटतो. पाय काढताच यंत्र सुटेल अशी उलट रचना असेल तर अधिक चांगले. चाकालाही हाताने दाबायचा ब्रेक हवा, कारण पट्टा सुटल्यावर ते स्वतःच्या वेगाने काही फेरे घेते. चारा सारण्याची पेटी हात पात्यापर्यंत पोहोचणार नाही इतकी लांब व वरून झाकलेली असावी. टांगलेल्या २०० किलो वजनाभोवती जाळीचा पिंजरा हवा. या गोष्टी करण्याची तयारी नसेल तर पवनचक्की कुट्टी यंत्राला जोडूच नये.

जेथे फिरवावेच लागत नाही

शेवटी एक गोष्ट, जी खरे तर आधी विचारात घ्यायला हवी. आपल्या घरातील व शेतातील काही साधने मुळात पश्चाग्र गतीचीच आहेत. दोरीने घुसळायची रवी एकदा इकडे व एकदा तिकडे फिरते. मुसळ वर-खाली होते. धान्याची चाळणी पुढे-मागे हलते. हाताने भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचे यंत्र म्हणजे जाळीवर पुढे-मागे झुलणारा दांड्याचा पाळणा. यांना घूर्णी गती देण्याचे कारण नाही. पवनचक्कीचा दांडा वर जाताना तरफेने पाळणा एका बाजूला ओढील आणि परतीला स्प्रिंग किंवा वजन त्याला दुसऱ्या बाजूला नेईल. फ्रीव्हील नको, प्रचक्र नको, फिरते पातेही नाही.

बियाण्यासाठी ठेवलेल्या शेंगा पेरणीच्या थोडे आधी फोडतात, म्हणजे मेच्या अखेरीस व जूनच्या आरंभी, जेव्हा वाऱ्याने नुकताच जोर धरलेला असतो. ते काम आटोपले की तोच दांडा कुट्टीच्या साखळीला जोडता येईल आणि ऑक्टोबरमध्ये वारा मंदावू लागला की पुन्हा पंपाला. या अदलाबदलीसाठी दांड्याच्या खालच्या टोकाला, जमिनीपासून माणसाच्या छातीच्या उंचीवर, काढता-घालता येणारी एक खीळ पुरते. ती लाकडी ठेवावी. काही अडकले तर प्रथम तीच तुटेल व मनोऱ्यावरची दंतचक्रे वाचतील.